पौंडाची पत आणि खाणकामगाराची मजुरी

१/
२८ एप्रिल १९२५. लंडनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये अर्थमंत्री विन्स्टन चर्चिल आपला पहिला अर्थसंकल्प मांडत होते. त्या भाषणात त्यांनी जाहीर केले की ब्रिटन सुवर्ण परिमाणाकडे परतत आहे, आणि तेही महायुद्धापूर्वीच्या जुन्याच दराने : एक पौंड म्हणजे ४.८६ डॉलर. तीन महिन्यांच्या आत अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी या निर्णयावर वृत्तपत्रातून उघड हल्ला चढवला. वर्षभरात देशात सार्वत्रिक संप झाला. सहा वर्षांनी ब्रिटनला सोने सोडावे लागले.

२/
ही कथा बहुधा एका ठरीव साच्यात सांगितली जाते : अर्थशास्त्र न कळणारा मंत्री आणि भविष्य ओळखणारा टीकाकार. साचा सोयीचा आहे, पण अपुरा. चर्चिल यांना शंका होत्या आणि त्यांनी त्या लेखी विचारल्याही होत्या. १९२५ मध्ये उणीव शंकेची नव्हती. ती शंका सरकारी फायलींत राहिली आणि जिचा भार लाखो कामगारांवर पडणार होता ती बाब त्यांना निर्णयानंतर कळली, हा खरा दोष होता.

३/
प्रथम मूळ गोष्ट. सुवर्ण परिमाण म्हणजे चलनाची किंमत सोन्याच्या ठरावीक वजनाशी बांधणे. पौंड सोन्याशी बांधलेला, डॉलरही सोन्याशी बांधलेला; त्यामुळे दोघांमधला दर आपोआप पक्का. १९१४ पूर्वीच्या जगात लंडन हे या व्यवस्थेचे केंद्र होते. पौंडात दिलेले कर्ज म्हणजे सोन्यात दिलेले कर्ज, हा विश्वास ब्रिटिश साम्राज्याच्या आर्थिक सत्तेचा पाया होता.

४/
पहिल्या महायुद्धाने हा पाया हादरवला. युद्धाचा खर्च कर्ज काढून आणि नोटा वाढवून भागवला गेला, किमती चढल्या आणि १९१९ मध्ये पौंडाची सोन्याशी असलेली गाठ उघडपणे सुटली. तरीही १९१८ मध्येच कन्लिफ समितीने सल्ला देऊन ठेवला होता की शक्य तितक्या लवकर जुन्या दराने सोन्याकडे परतावे. पुढची सात वर्षे परतायचे की नाही यावर सरकारी वर्तुळात फारसा वाद झाला नाही. वाद होता तो केव्हा परतायचे याचा.

५/
या आग्रहामागे निव्वळ हट्ट नव्हता. १९२३ मध्ये जर्मनीचे मार्क हे चलन कवडीमोल झालेले सगळ्या युरोपने पाहिले होते. चलन राजकारण्यांच्या हाती सोपवले तर ते नोटा छापत सुटतील, ही भीती खरी होती. न्यूयॉर्क लंडनची जागा घेऊ लागले होते. शिवाय ज्यांनी पौंडावर विसंबून पैसे गुंतवले, त्यांना दिलेला शब्द पाळणे हा राष्ट्राच्या इभ्रतीचा प्रश्न मानला जात होता.

६/
प्रश्न होता दराचा. १९२४ च्या मध्यास पौंड जुन्या दरापेक्षा सुमारे दहा टक्के खाली, म्हणजे ४.४० डॉलरच्या आसपास होता. समजा, एका ब्रिटिश व्यापाऱ्याने एक पौंडाचा कोळसा परदेशी गिऱ्हाइकाला विकला. जुन्या परिस्थितीत गिऱ्हाइकाला ४.४० डॉलर पडत. नव्या दराने त्याच कोळशाला ४.८६ डॉलर पडणार. गिऱ्हाईक टिकवायचे तर व्यापाऱ्याने वीस शिलिंगांच्या पौंडाऐवजी जेमतेम अठरा शिलिंगांवर समाधान मानायचे. हे दोन शिलिंग कोठून यायचे, हाच सगळ्या वादाचा गाभा.

७/
पाठ्यपुस्तकी उत्तर सोपे होते : देशातल्या सर्व किमती आणि सर्व वेतने सारख्या प्रमाणात उतरतील, मग कोणाचेच नुकसान नाही. पण वेतने हुकमाने उतरत नाहीत. ती उतरवण्याचा मार्ग असा : बँक ऑफ इंग्लंडने व्याजदर चढा ठेवायचा, कर्ज महाग करायचे, उद्योग मंदावू द्यायचे आणि बेकारीच्या धाकाने कामगाराला कमी मजुरी पत्करायला लावायची. मार्च १९२५ मध्ये हा व्याजदर पाच टक्के करण्यात आला. आणि हे घडत होते दहा लाखांहून अधिक लोक बेकार असलेल्या देशात.

८/
चर्चिल नोव्हेंबर १९२४ मध्ये अर्थमंत्री झाले. हुजूर पक्षाच्या बॉल्डविन सरकारातील ही दुसऱ्या क्रमांकाची जागा. त्यांच्या वडिलांनी, लॉर्ड रँडॉल्फ चर्चिल यांनी, १८८६ मध्ये हेच पद भूषवले होते. २९ जानेवारी १९२५ रोजी चर्चिल यांनी आपल्या सल्लागारांना एक टिपण पाठवले. सोन्याविना पाच-सहा वर्षे देश चाललाच ना, सोन्याचा लाभ सावकारी भांडवलाला होऊन तोटा व्यापारी, कारखानदार आणि कामगार यांना होणार नाही ना, असे थेट प्रश्न त्यात होते. अधिकाऱ्यांमध्ये ते ‘चर्चिल यांचा स्वाध्याय’ म्हणून ओळखले गेले.

९/
उत्तर देणाऱ्यांत बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर माँटेग्यू नॉर्मन होते. त्यांच्या उत्तरातील एक मुद्दा शंभर वर्षांनंतरही चकित करतो. व्यापारी, कारखानदार आणि कामगार यांचा विचार अवश्य करावा, पण त्यांचा सल्ला घेऊ नये. युद्धनौकेच्या आराखड्याबाबत आपण त्यांना विचारतो काय, असा त्यांचा युक्तिवाद होता. चलन हा तज्ज्ञांचा प्रांत. ज्यांच्या जगण्यावर त्याचा परिणाम होतो त्यांनी परिणाम भोगावा, मत देऊ नये.

१०/
युद्धनौकेची उपमा फसवी आहे. नौका कशी बांधावी हे अभियंत्याला विचारावे, हे मान्य. परंतु ती बांधण्याचा खर्च कोणी सोसावा हा प्रश्न अभियंत्याचा नव्हे. पौंडाचा दर ठरवण्यात दोन्ही प्रश्न एकत्र गुंतले होते आणि पहिल्या प्रश्नाचे तज्ज्ञत्व दाखवून दुसराही प्रश्न परस्पर निकालात काढला गेला.

११/
२१ फेब्रुवारी १९२५ रोजी केन्स यांचा सोन्याकडे परतण्यावर टीका करणारा लेख ‘नेशन’ साप्ताहिकात आला. दुसऱ्याच दिवशी चर्चिल यांनी अर्थखात्याचे वरिष्ठ अधिकारी ऑटो नीमेयर यांना लिहिले. जगात सर्वोत्तम पत असलेल्या देशात साडेबारा लाख माणसे बेकार आहेत, या विसंगतीचा सामना अर्थखात्याने कधी केलेलाच नाही. अर्थभांडवलाचा तोरा थोडा कमी असावा आणि उद्योग अधिक समाधानी असावा, हे आपल्याला अधिक आवडेल, असा त्या पत्राचा आशय होता.

१२/
या पत्राचे महत्त्व लक्षात घ्यावे. उघड टीका निष्फळ असते, असे म्हणणाऱ्यांना ते उत्तर आहे. एका साप्ताहिकातील लेखाने चोवीस तासांत अर्थमंत्र्याच्या मनातील शंकेला धार आणली. पण त्या शंकेचे पुढे काय झाले ते जनतेला दिसले नाही. नीमेयर यांनी उत्तर दिले, पत्रव्यवहार फायलीत गेला. या विषयावर नेमलेल्या समितीचे कामही गुप्तपणे चालले होते. तिचा फेब्रुवारीत तयार झालेला अहवाल निर्णयाबरोबरच प्रसिद्ध झाला.

१३/
१७ मार्चच्या रात्री चर्चिल यांनी दोन्ही बाजूंना जेवायला बोलावले. बाजूने नीमेयर आणि अर्थखात्याचे माजी सचिव लॉर्ड ब्रॅडबरी. विरोधात केन्स आणि मिडलँड बँकेचे अध्यक्ष रेजिनाल्ड मकेना, जे स्वतः पूर्वी अर्थमंत्री होते. चर्चिल यांचे सचिव ग्रिग यांनी पुढे आठवणीत नोंदवले की अखेरीस मकेना यांनीच शरणागती पत्करली : परतण्यावाचून गत्यंतर नाही, पण ते नरकयातनांसारखे असेल. त्या मेजवानीत बँकर होते, अधिकारी होते, प्राध्यापक होते. कोळशाच्या खाणीतून कोणी नव्हते.

१४/
मकेना यांनी ‘गत्यंतर नाही’ असे का म्हणावे? कारण विरोधी पक्षच नव्हता. मजूर पक्षाचे माजी अर्थमंत्री फिलिप स्नोडेन हेही सुवर्ण परिमाणाचे पक्के पुरस्कर्ते होते. त्यांचा आक्षेप घाईला होता, ध्येयाला नव्हता. दोन्ही प्रमुख पक्षांचे एकमत असले की संसदेतली चर्चा औपचारिक उरते. मग टीकेला संसदेबाहेर जागा शोधावी लागते.

१५/
ती जागाही सहज मिळाली नाही. केन्स यांचे लेख छापण्यास ‘टाइम्स’ने नकार दिला. लॉर्ड बीव्हरब्रुक यांच्या ‘इव्हनिंग स्टँडर्ड’ने ते जुलै १९२५ मध्ये छापले. लगोलग लिओनार्ड आणि व्हर्जिनिया वुल्फ यांच्या होगार्थ प्रेसने त्यांची पुस्तिका काढली. तिचे शीर्षक ‘श्रीयुत चर्चिल यांचे आर्थिक परिणाम’ अशा अर्थाचे होते. १९१९ च्या व्हर्साय तहावरील केन्स यांच्या गाजलेल्या ग्रंथाच्या नावाची ती मुद्दाम केलेली आठवण होती.

१६/
पुस्तिकेचा युक्तिवाद एका वाक्यात मांडता येतो : पौंडाची किंमत दहा टक्के वाढवणे म्हणजे आज ना उद्या प्रत्येकाच्या वेतनातून पौंडामागे दोन शिलिंग कापणे. हे मोठे काम केन्स यांनी केले. अर्थखात्याच्या टिपणांत जे ‘किंचित समायोजन’ होते, त्याचे भाषांतर त्यांनी मजुरीच्या पाकिटात केले. शिवाय सर्वांची वेतने एकाच वेळी उतरत नाहीत; जो गट सर्वांत दुबळा किंवा निर्यातीवर सर्वाधिक अवलंबून, तो आधी भरडला जातो.

१७/
तो गट होता खाणकामगारांचा. त्यांच्यासाठी केन्स यांनी वापरलेला शब्द मराठी वाचकाला ओळखीचा वाटेल : ‘जगरनॉट’. पुरीच्या जगन्नाथाच्या रथावरून इंग्रजीत गेलेला हा शब्द तिथे ‘वाटेत येईल त्याला चिरडत जाणारी अजस्र शक्ती’ या अर्थाने रूढ झाला. खाणकामगार हे अशा आर्थिक रथाचे बळी आहेत, सामाजिक न्यायाच्या कसोटीवर त्यांची मजुरी कापण्याचे समर्थन होऊच शकत नाही, असे केन्स यांचे म्हणणे होते.

१८/
पुस्तिका येईपर्यंत रथ चालू झालाच होता. १९२३ मध्ये फ्रान्स आणि बेल्जियम यांनी जर्मनीचा रूर प्रदेश व्यापल्याने ब्रिटिश कोळशाला तात्पुरती मागणी आली होती. रूरचा कोळसा बाजारात परतताच किमती घसरल्या. त्यात महाग पौंडाची भर पडली. जून १९२५ च्या अखेरीस खाणमालकांनी जुना वेतनकरार मोडीत काढण्याची नोटीस दिली. संपाच्या धास्तीने ३१ जुलैला सरकारने नऊ महिन्यांसाठी अनुदान दिले. म्हणजे एका हाताने जे उद्योगाकडून काढून घेतले, त्याचा काही भाग दुसऱ्या हाताने करदात्याच्या पैशातून परत केला.

१९/
मार्च १९२६ मध्ये सॅम्युएल आयोगाने अनुदान थांबवून वेतनकपात करण्याची शिफारस केली. मजुरीतून एक पेनीही कमी नको आणि कामाच्या वेळेत एक मिनिटही वाढ नको, ही कामगारांची भूमिका होती. १ मे रोजी खाणींत टाळेबंदी झाली आणि दहा लाखांहून अधिक खाणकामगार बाहेर फेकले गेले. त्यांच्या पाठिंब्यासाठी पुकारलेला सार्वत्रिक संप १२ मे रोजी मागे घेतला गेला. त्या दिवसांत सरकारचे मुखपत्र ‘ब्रिटिश गॅझेट’ चालवण्यात पुढाकार होता चर्चिल यांचाच.

२०/
खाणकामगार एकटे लढत राहिले. नोव्हेंबरअखेर बहुतेक ठिकाणी ते उपासमारीने नमले आणि कमी मजुरीवर, जास्त तासांसाठी कामावर परतले. १९२७ मध्ये सहानुभूतीदर्शक संपांवर कायद्याने बंदी आली. पौंडाची पत राखण्याचा खर्च कोणाच्या घरातून वसूल झाला, हे यापेक्षा स्पष्ट दिसणे अवघड.

२१/
येथे न्यायाने दुसरी बाजूही पाहावी. कोळसा उद्योगाची दुखणी १९२५ मध्ये सुरू झाली नव्हती. खाणी जुन्या होत्या, मालकी विखुरलेली होती, जहाजे तेलावर चालू लागली होती. फ्रान्स आणि बेल्जियम यांनी पुढे आपली चलने स्वस्त दराने स्थिर केली, याचा दोष लंडनवर येत नाही. इतिहासकार आजही त्या दहा टक्क्यांच्या नेमक्या परिणामावर वाद घालतात. म्हणून केन्स यांचा प्रत्येक आकडा अचूक होता असा दावा करण्याचे कारण नाही. आजारी उद्योगावर आणखी भार टाकण्यापूर्वी तो किती आजारी आहे हे पाहायला हवे होते, एवढा दावा पुरेसा आहे.

२२/
या निर्णयाचे पडसाद मुंबईपर्यंत आले. रुपयाची हुंडणावळ तेव्हा एक शिलिंग सहा पेन्सच्या आसपास होती. पौंड सोन्याला जोडला जाताच रुपयाचा तो दरही सोन्याच्या भावाचा झाला. जुना दर एक शिलिंग चार पेन्स होता, म्हणजे वाढ साडेबारा टक्के. जपानी स्पर्धेने बेजार गिरणीमालकांनी याविरुद्ध ओरड केली, पण स्वतः मात्र मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. १९२५ च्या अखेरच्या महिन्यांत गिरणगाव संपावर गेले. सरकारने कापडावरील अबकारी कर स्थगित केल्यावर कपात मागे घेतली गेली.

२३/
भारतीय चलनासाठी १९२५ मध्ये नेमलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष देणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. दोनच वर्षांपूर्वी त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला होता आणि त्यात त्यांनी भारतीय चलनाबाबतच्या केन्स यांच्याच जुन्या मतांचा समाचार घेतला होता. आयोगापुढे त्यांचा मुद्दा असा होता : हुंडणावळ घसरल्याने व्यापारीवर्गाला होणारा लाभ आकाशातून पडत नाही, तो देशातल्याच दुसऱ्या वर्गाच्या, मजुरीवर जगणाऱ्यांच्या खिशातून येतो. मुंबईच्या भांडवलदारांना हे रुचणारे नव्हते.

२४/
केन्स महाग चलनावर टीका करत होते, आंबेडकर स्वस्त चलनाच्या गोडव्यांवर. दिशा उलट, परिस्थिती वेगळी, पण प्रश्न एकच : लाभ कोणाचा आणि भार कोणावर? आयोगाने १९२६ मध्ये एक शिलिंग सहा पेन्सचा दर सुचवला, पुरुषोत्तमदास ठाकूरदास यांनी भिन्नमतपत्रिका जोडली आणि १९२७ मध्ये कायदा झाला. ब्रिटिश मतदाराला निदान मे १९२९ मध्ये बॉल्डविन सरकार खाली खेचता आले. भारतीयाला साक्ष देता येत होती. सरकार बदलता येत नव्हते.

२५/
ब्रिटनमध्ये उघड चौकशी अखेर झाली, ती मॅकमिलन समितीपुढे. ती १९२९ मध्ये नेमली गेली. तिच्या सदस्यांत केन्स होते आणि वाहतूक कामगारांचे नेते अर्नेस्ट बेव्हिनही होते. १९३० मध्ये माँटेग्यू नॉर्मन यांना त्यांच्यापुढे बसून प्रश्नांना उत्तरे द्यावी लागली. ज्या कामगाराचा सल्ला घ्यायचा नाही असे त्यांनी पाच वर्षांपूर्वी लिहिले होते, त्याचाच प्रतिनिधी आता जाब विचारत होता. पण तोवर पाच वर्षे निघून गेली होती.

२६/
१९३१ च्या उन्हाळ्यात युरोपातील बँका कोसळू लागल्या आणि लंडनमधून सोने वाहू लागले. पौंड वाचवण्यासाठी बेकारभत्ता कापण्याच्या प्रश्नावर मजूर सरकार फुटले. त्याच ध्येयाने आलेल्या राष्ट्रीय सरकारला वेतनकपातीविरुद्ध इन्व्हरगॉर्डन येथे नौसैनिकांनी काम नाकारलेले पाहावे लागले. २१ सप्टेंबर १९३१ रोजी ब्रिटनने सुवर्ण परिमाण सोडले. त्या दिवशी अर्थमंत्री होते फिलिप स्नोडेन. आभाळ कोसळले नाही. पुढच्या वर्षी व्याजदर दोन टक्क्यांवर आला आणि सावकाश सुधारणा सुरू झाली.

२७/
पुढे चर्चिल स्वतःही १९२५ चा निर्णय आपली मोठी चूक मानू लागले. पण सगळा दोष त्यांच्या एकट्याच्या नावे लिहिणे म्हणजे व्यवस्थेला मोकळे सोडणे. शीर्षकात त्यांचे नाव घालणाऱ्या केन्स यांनीही आत लिहिले होते की तज्ज्ञांनी त्यांची गंभीर दिशाभूल केली. मंत्र्याने योग्य प्रश्न विचारले. चुकीच्या बंद खोलीत विचारले. तेच टिपण जानेवारीत संसदेपुढे आले असते, तर दोन शिलिंगांचा हिशेब एप्रिलपूर्वी खाणकामगारांच्या संघटनांपर्यंत पोहोचला असता. निर्णय कदाचित तोच झाला असता, पण भार कसा वाटून घ्यायचा हे टाळेबंदीआधी बोलता आले असते.

२८/
सरकारच्या अर्थनीतीवरील टीकेला नेहमी सांगितले जाते की विषय किचकट आहे, तज्ज्ञांवर सोडा. उघड चर्चेने बाजार बिथरतो. १९२५ मध्ये बाजार बिथरू नये म्हणून चर्चा मिटवली गेली आणि १९२६ मध्ये सबंध देश थांबला. कोणत्याही काळातील आर्थिक निर्णय अभ्यासताना म्हणूनच तो बरोबर होता की चूक एवढे पाहून थांबू नये. त्याची किंमत ज्यांनी मोजली, त्यांना ती आधी कोणी सांगितली होती का, हेही विचारावे. वेल्सच्या आणि डरहॅमच्या खाणींत त्या वर्षी ती कोणी सांगितली नव्हती.